पेट्रोल पंपावर कार्ड हातातून सोडू नका

इंदूरला ए.बी. रोडवरच्या पंपावर गर्दी असली की गाडीत बसूनच कार्ड खिडकीतून पुढे केलं जातं. धोका नेमका तिथेच आहे. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती कायम तीच असते. मुठीत मावणाऱ्या स्किमरमधून, म्हणजे पट्टीवरची माहिती चोरणाऱ्या यंत्रातून, एकदा सरकवली की तिची नक्कल तयार. पिन मात्र पट्टीवर नसतो, तो बघूनच चोरावा लागतो. म्हणून खाली उतरा, मशीन आपल्याजवळ मागा, स्क्रीनवरची रक्कम वाचा आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करूनच पिन दाबा. पिन तोंडाने सांगणं तर नकोच.

चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे तिची नक्कल करणं फार कठीण. कार्ड मशीनमध्ये खोचा किंवा टॅप करा. "चिप चालत नाही, स्वाइप करतो" असं कुणी म्हणालं, तर सरळ रोख द्या किंवा यूपीआय करा. टॅपला 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये ही मर्यादा खाली आणा. आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. नक्कल केलेली कार्डं बरेचदा परदेशात, जिथे चिपची सक्ती नाही तिथे, वापरली जातात.

अनोळखी रक्कम कापल्याचा एसएमएस आला, तर आधी कार्ड ब्लॉक, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन. बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि 3 कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही.