फायली देऊन टाकल्या

अण्णांचं, म्हणजे ज्यांच्यासाठी मी शेतपंपाच्या ऑटो स्विचचा बोर्ड बनवला त्यांचं, पेमेंट जमा झालं. टीडीएस कापून पूर्ण, एकही फोन करावा लागला नाही. आमच्या धंद्यात ही पेढे वाटायची बातमी. आणि मी सकाळपासून तोंड पाडून बसलोय.

कारण पाठोपाठ मेसेज आला, भाऊ आता सगळ्या फायली देऊन टाका, भाच्याला पाठवतो पेनड्राईव्ह घेऊन. बस एवढंच. यात वावगं काहीच नाही, करारात तसंच लिहिलंय, स्किमॅटिक (सर्किटचं चित्र), गर्बर (बोर्ड छापायच्या फायली), बीओएम (पार्टची यादी), फर्मवेअरचा म्हणजे बोर्डातल्या प्रोग्रामचा सोर्स, टेस्टिंगची पद्धत, सगळं शेवटच्या हप्त्यानंतर त्यांचं. कॉपीराइटचा 1957 चा कायदा तर माझ्याच बाजूचा आहे, नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम लेखी देऊन टाकला नाही तर लिहिणाऱ्याचाच राहतो. पण मी लेखी दिलाय, खाली सही माझी आहे आणि पैसे मोजून घेतलेत. मग पोटात खड्डा कशाचा पडला?

नाना म्हणाले, पीसमागे पाच-दहा रुपये लावून घ्यायचे होते. म्हणाले ते बरोबरच, पण... जाऊ दे.

पैशांचं नाहीच आहे बहुतेक. फोल्डर झिप करताना जे होत होतं ते वेगळंच होतं. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना फक्त मोटरचा ऑटो स्विच पाहिजे होता, लाईट आली की पंप चालू. मग रावेरकडच्या केळीच्या बागांमधे फिरलो, मोटर जळालेल्यांशी बोललो, तर अर्ध्या मोटरी एक फेज गेल्यामुळे जळालेल्या. म्हटलं यात काय, तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजायचं, एक पडलं की बंद. पण चालू मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, ते जवळजवळ बरोबर दिसतं, साधं सर्किट फसतं आणि वाइंडिंग भाजत राहतं. म्हणून तिन्ही फेजमधला फरक आणि अँगल दोन्ही बघणारं लिहिलं. तेवढ्यात अण्णांचा फोन, कंडेन्सर लावून टू-फेजवर पण चालायला पाहिजे भो, लोकं चालवतात. म्हणजे जे पकडायला मी एवढं केलं तेच आता मुद्दाम चालू द्यायचं! "छोटासा चेंज आहे" असं म्हणतात क्लायंट लोक, त्यातला हा एक. केला. जादा बिल लावलं, तेही दिलं त्यांनी. माणूस चांगलाच आहे, हाच तर त्रास आहे, भांडायलाही जागा नाही.

आणि ऑन-डिलेचं, म्हणजे लाईट आल्यावर जरा थांबून मोटर चालू करायचं, तर कुणाला माहितच नाही. एका डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे ऑटो स्विच लाईट येताच एकदम मोटर उचलतात, डीपीवर लोड येतो आणि फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच. महावितरणवाले ऑटो स्विच काढा म्हणून सांगतात ते यासाठीच. तर माझ्या बोर्डात प्रत्येक पीसचा डिले त्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या युनिक आयडीवरून वेगळा पडतो, शेजारशेजारच्या मोटरी शक्यतो मागेपुढे चालू होतात. अण्णांनी मागितलं नव्हतं हे. बिलातही नाही. उद्या कुणी तक्रार करणार की आमचा पंप शेजाऱ्यापेक्षा उशिरा चालू होतो, आणि कुणीतरी ती ओळ उडवून टाकणार. फाईल जाते, ती ओळ का आहे ते जात नाही. तेच टोचतंय. म्हणजे मला वाटतं तेच टोचतंय. नाहीतर असंही असेल की आता अण्णांचा रात्री साडेदहाला फोन येणार नाही, ज्याच्यावर मी इतका वैतागायचो. ही म्हणते तुम्हाला कामापेक्षा ते फोनच लागतात. तिच्याशी आज बोलायला नको.

मग रात्री बसून एक नोट लिहायला घेतली, करारात नसलेली. बोर्डावरचा सी7 नंबरचा कपॅसिटर 105 डिग्रीचाच का: साधारण हिशोब असा की दर 10 डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असतं, पत्र्याच्या पेटीत उन्हात 65 धरा. 105 डिग्रीला 2000 तासांचा कपॅसिटर तिथे 32000 तास टिकतो, तोच 85 चा घेतला तर 8000, म्हणजे सतत चालू धरलं तर वर्षही नाही. दिसायला दोन्ही सारखेच, थोड्याशा पैशांचा फरक. परचेसवाला 85 चाच आणणार हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. मग टू-फेजचं लिहिलं, डिलेचं लिहिलं, पेटीत पाल शिरते म्हणून केबल ग्लँड का घट्ट पाहिजे तेही लिहिलं (हसू नका, पाल दोन टर्मिनलना चिकटली की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच विचारा). लिहिता लिहिता राग कमी झाला. स्वतःचीच कीव करत होतो तो माणूस जरा बोअर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. धुळ्याहून नुकताच इंजिनीअरिंग करून आलेला पोरगा, मी मनात आधीच त्याला नापास करून ठेवलेलं. फायली कॉपी होताना स्क्रीनकडे बघत म्हणाला, सर, एमओव्ही (व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा पार्ट) फ्यूजच्या नंतर का लावलाय? म्हटलं एमओव्ही मरताना शॉर्ट होतो, मग फ्यूज उडाला पाहिजे, आग नको. तो म्हणाला, मग फ्यूज गेल्यावर शेतकऱ्याला कळणार कसं, एखादा एलईडी?

चहा दोनदा झाला. दुपार गेली. कन्सल्टिंगचा ताशी रेट माझ्या कोटेशनमधे स्पष्ट छापलेला आहे, तो मी काही काढला नाही. जाताना त्याने नोटचं प्रिंट मागून घेतलं आणि माझा नंबर सेव्ह केला, आता साडेदहाला हा फोन करणार, फुकटात.

उद्या एमआयडीसीत दालमिलवाल्यांकडे जायचंय. त्यांना "काहीतरी ऑटोमॅटिक" पाहिजे, काय ते अजून त्यांचंही ठरलेलं नाही. 50 टक्के ॲडव्हान्सचं चहा यायच्या आधी बोलायचं.