भीमाचा पाय

भीमा पुढच्या उजव्या पायाने लंगडतोय, हे नानांनी मला तीन आठवडे आधीच फोनवर सांगितलं होतं. रॉटवायलर, वय सात, वजन ४८ किलो, दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत दिवसभर मोकळा. बांधावरून उडी मारताना मुरगळला असेल, असं मलाही वाटलं. गोळ्या सांगितल्या, आठ दिवस बांधून ठेवा म्हटलं. लंगडणं कमी झालं, गोळ्या संपल्या तसं पुन्हा सुरू झालं. मोठ्या जातीचा, मध्यम वयाचा कुत्रा मनगटाच्या जरा वर दुखणं घेऊन आला की पहिल्याच दिवशी एक्स-रे काढायचा, हे मला शिकवलेलं होतं. मी काढला नाही. त्याची बोच अजून आहे.

डिसेंबरातल्या त्या सकाळी गंगापूर रोडच्या माझ्या दवाखान्यात नाना आणि त्यांची मुलगी त्याला गाडीतून उचलूनच घेऊन आले. मनगटाच्या वर लिंबाएवढी सूज, कडक, हाताला गरम. बोट टेकवलं तरी भीमा गुरगुरला नाही, उलट माझा हात चाटायला लागला. दुखऱ्या कुत्र्यांचं हे वागणं इतक्या वर्षांनीही मला सहन होत नाही.

एक्स-रेत हाडाची कडा वाळवी लागलेल्या लाकडासारखी पोखरलेली दिसली. त्या पोखरणीतूनच नवं हाड सूर्याच्या किरणांसारखं बाहेर फुटलं होतं आणि वर, हाडाचं आवरण उचललं गेलं होतं तिथे, तो छोटा त्रिकोण. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणारे कर्करोग बहुतेक वेळा हेच असतात. तो पायात कुठे होतो, हे लक्षात राहावं म्हणून ‘कोपरापासून दूर, गुडघ्याच्या जवळ’, असं आम्ही विद्यार्थी असताना पाठ करायचो.

सुईने नमुना घेतला, पेशी तशाच निघाल्या. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं होतं, तेही चांगलं लक्षण नव्हे. मग छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढले. फुप्फुसं स्वच्छ दिसली. नानांनी सुस्कारा सोडला आणि मला त्यांना तिथेच थांबवावं लागलं. या रोगात पहिल्या दिवशी छातीत गाठ दिसते ती शंभरातल्या दहा-पंधरा कुत्र्यांत. पण पेशी मात्र नव्वदेकांच्या शरीरात आधीच पांगलेल्या असतात, एक्स-रेत न दिसण्याइतक्या बारीक.

“मग सर, मायक्रोआरएनएवरून कळणार नाही का?” मुलीने विचारलं. ती बायोटेक शिकते.

नाना दोघांकडे आळीपाळीने बघायला लागले. त्यांना कळेल असं सांगायचं म्हणून मी चिठ्ठ्यांचं उदाहरण घेतलं. प्रत्येक पेशीत जनुकं सतत चिठ्ठ्या पाठवत असतात, हे प्रथिन बनवा, ते बनवा. सगळ्याच चिठ्ठ्या अमलात आल्या तर पेशीचं वाटोळं होईल. म्हणून जेमतेम २२ अक्षरांचे हे बारीक आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए, नको त्या चिठ्ठ्यांना चिकटतात आणि त्या बाद करतात. १९९३मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत पहिला असा रेणू सापडला. त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं. कुत्र्याच्या या गाठीत मिर-३४ए नावाचा असा एक रेणू कमी पडलेला आढळतो. प्रयोगशाळेत तो गाठीच्या पेशींना परत दिला, तर त्यांची आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी होते. उलट मिर-९ वाढलेला असतो आणि तो पेशींना पसरायला मदत करतो.

नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे विरळणीला बाया कमी पडल्या. घडात मणी दाटले.”

त्यांच्याकडे तेव्हा विरळणीच चालू होती. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाया कात्रीने एकेक घड मोकळा करत होत्या. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मुलीचा प्रश्न मात्र उरलाच. हे रेणू रक्तातही सापडतात. मिर-२१४ रक्तात जास्त असलेले कुत्रे पाय काढून केमो दिल्यावरही कमी जगले, असं जपानमधल्या संशोधकांनी मांडलं आहे. “मग भीमाचं रक्त तपासा ना.” मी म्हटलं, बाळा, ही तपासणी मला आज इथे करता येत नाही. माझ्याकडे एक्स-रे आहे, सुई आहे, आणि आहे ते खरं सांगणं आहे. नुसता पाय काढला तर बहुतेक कुत्रे चार-पाच महिने काढतात. नंतर दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर दहा-बारा महिने, काही थोडे दोन वर्षांपुढेही. तसाच ठेवला तर ते हाड कधीही मोडेल, आणि त्या दुखण्यावर गोळी पुरणार नाही.

नाना बाहेर जाऊन ओट्यावर बसले. अर्ध्या तासाने आत येऊन म्हणाले, “तीन पायांवर बागेत येईल ना?”

“येईल.”

गुरुवारी पाय काढला, खांद्यासकट. शनिवारी भीमा कुणाचा आधार न घेता फाटकाजवळच्या कडुलिंबापर्यंत गेला आणि तिथे मुतून परत आला. मुलीने व्हिडिओ पाठवला, तो मी माझ्या मदतनिसालाही दाखवला.

पाय काढला तेव्हा मुलगी सारखी एकच गोष्ट विचारत होती, गाठीचं काय करणार? तपासणीला देताना हाड मऊ व्हावं म्हणून ते आम्लात ठेवतात आणि त्यात आरएनएचं नुकसान होतं. म्हणून गाठीचा मऊ भाग वेगळा काढला, आम्लात न घालता मेणात बसवून द्या असं लॅबला लिहून दिलं. हे बारीक रेणू मेणातही वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकतात. ठोकळा परत आला, नखाएवढ्या तुकड्याभोवती पांढरं मेण. मुलीने स्वतःच्या हाताने त्यावर चिठ्ठी चिकटवली: भीमा, रॉटवायलर, नर, सात वर्षं. तो माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. परवा भीमाचा केमोचा दुसरा डोस झाला.