पहिल्या धारेपर्यंतचा रस्ता

ऊर्ध्वपातन मी बावीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण दारू गाळताना कधी पाहिली नव्हती. स्कॉटलंडमध्ये गाडीने फिरत व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या बघायचं मनात होतं, ते खर्चात बसेना. शेवटी शालक म्हणाला, "दाजी, आपल्याच जिल्ह्यात फिरू ना." गेल्या एप्रिलमध्ये शहाद्याहून निघालो.

खरा वेळ खाल्ला तो परवानगीने. डिस्टिलरी असलेल्या एका साखर कारखान्याने दोन अर्जांना उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने शाळेचं पत्र आणि आधारकार्डं मागितली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. गेटवर मोबाइल आणि काडेपेटी जमा केली. स्पिरिटची वाफ असते तिथे ठिणगी चालत नाही.

आत मळीचा, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट पाकाचा, गोडसर, उग्र वास. टाक्यांत पाणी घालून पातळ केलेली मळी यीस्टने फसफसत होती. वर तपकिरी फेस, आणि हात लावला तर टाकी कोमट. दीड-दोन दिवसांत साखर संपते, मग ते उंच स्तंभात जातं. खालून वाफ सोडतात, वरून साधारण ९५ टक्के स्पिरिट निघतं. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की अशाच मळीच्या स्पिरिटवर उभी आहे. तिथल्या केमिस्टने फरक सांगितला: स्कॉच सिंगल माल्ट फक्त मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरवलेली. पहिली आणि शेवटची धार बाजूला काढतात, पिंपात मधलीच जाते. मला आश्चर्य वाटलं. आपण तर 'पहिल्या धारेची' म्हणून मिरवतो!

तळोद्यावरून चांदसैली घाट चढून धडगावकडे गेलो. माझा एक जुना विद्यार्थी पाड्यावर वाट बघत होता. परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, हे मलाही माहीत आहे आणि त्याच्या आजोबांनाही. पण देवमोगरा मातेला मोहाची धार वाहिल्याशिवाय त्यांचा सण होत नाही.

पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचून वाळवली होती, मनुकांसारखी सुरकुतलेली. त्यांचा आंबवलेला रस मडक्यात, मडक्याचे सांधे चिखलाने लिंपलेले. बांबूची नळी खालच्या भांड्यात सोडलेली, आणि आजी त्या भांड्यावरचं ओलं फडकं सारखं बदलत होती. वाफ थंड करून तिचा द्रव करणारा माझ्या फळ्यावरचा संघनक हाच. पण आजीने फडकं किती गरम झालं की बदलायचं, हे बोटांनी ओळखलं. ते मला कधी शिकवता आलं नसतं. नवसागर घातलेली हातभट्टी विकणाऱ्यांनी या मोहाचं नाव खराब केलं, याचं मला फार वाईट वाटतं.

नळीतून थेंब आले. आजोबांनी पहिली धार पानाच्या द्रोणात घेतली आणि काहीतरी पुटपुटत जमिनीवर सोडली. मला गाडी चालवायची होती, म्हणून मी नुसता वास घेतला: फुलांचा, थोडा धुराचा.

स्कॉचचं मी त्यांना सांगितलं, नातवाने त्यांच्या पावरी बोलीत समजावलं. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "तीन वर्षं पिंपात ठेवतात, तर पहिली धार कोणाला देतात?"