विरीखालची पोय

दिवेआगर, ७ फेब्रुवारी, रात्र

समुद्रासाठी म्हणून आले आणि दोन दिवस झाले तरी वाडीतून पाय निघत नाही. आमची खोली पार वाडीच्या पोटात. खिडकी उघडली की हाताशी सुपारीची पोफळ, तिच्या अंगाखांद्यावर मिरवेल, पलीकडे केळी, सगळ्यांच्या डोक्यावर माड. जायफळाखाली तर भर दुपारी जमीन गार लागते.

सकाळी काका शिंपण्याला निघाले, तशी मीही मागोमाग गेले. रहाट जाऊन पंप आला, पण पाणी अजून पाटानेच फिरतं. एका आळ्याचं तोंड उघडायचं, ते भरलं की मातीने बुजवून पुढचं उघडायचं. पाणी आधी पाचोळ्याखाली गडप होतं आणि मग अख्खा पाचोळाच हळूच वर उचलला जातो. किती वेळ बघत बसले, कळलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. माड मुळासकट गेले, पोफळी मधोमध मोडल्या. उभं राहिलं ते वाचलं, अशी माझी समजूत. काका म्हणाले, "खरं नुकसान पुढे दोन उन्हाळे चाललं होतं." पोफळीला ऊन डोक्यावर चालतं, अंगावर सोसत नाही. शेजारचं झाड पडलं की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येतं. खोड पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, तडकतं, आणि एखाद्या साध्या वाऱ्यात झाड जातं. एका झाडाचं जगणं दुसऱ्याच्या सावलीवर इतकं अवलंबून असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

उरलेल्या खोडांना मग काकूंनी वाळलेल्या विऱ्या, म्हणजे पोफळीच्या पानांचे खोडाला वेढणारे रुंद देठ, गुंडाळल्या, सुंभाने, एकेक करून. पश्चिमेला आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपं. "केळ वर्षात सावली देते. माडाची वाट बघत बसले असते तर रोपं करपली असती," त्या म्हणाल्या. त्या दिवसांबद्दल याहून जास्त काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

आज दुपारी त्यांनी मला हाक मारून नेलं. त्या रोपांतल्या एका पोफळीची विरी गळाली होती. आजवर विरी गळली की खाली नुसतं हिरवं खोड दिसायचं. आज तिथे पोय, म्हणजे आवरणातला फुलोरा, होती, मिटलेली, घट्ट, ओंजळीएवढी. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं तर उकलली होती. आत तांदळाच्या कण्यांसारख्या पिवळसर कळ्यांचे तुरे, आणि अगदी जवळ गेल्यावरच कळणारा गोडसर वास.

"पहिल्या पोयीला सुपारी धरेलच असं नाही हो," काकू म्हणाल्या, पण हात खोडावरून काढेनात. मग खाली पडलेली विरी उचलली, झटकली आणि पडवीच्या पायरीवर वाळत टाकली. मागच्या रांगेत अजून दोन खोडं उघडी आहेत.