मनोरीच्या वाडीतला शिक्रा

जाळी लावणाऱ्याला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: फुटाला किती? धागा कोणता, कडेने दोर ओवणार की नुसते हूक ठोकून जाणार, हे कोणी विचारत नाही. मी मुंबईभर कबुतरांच्या जाळ्या लावतो, आणि स्वस्तात लावलेल्या, दोन पावसाळ्यांत लोंबायला लागलेल्या दुसऱ्यांच्या जाळ्या उतरवतो. २०२५मध्ये कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हापासून तर हातात ड्रिल असलेला प्रत्येक जण या धंद्यात शिरला आहे.

मनोरीहून आलेल्या फोनचीही सुरुवात तशीच झाली. "वाडीत मावशीच्या कोंबड्या आहेत, घार पिल्लं उचलते, वरून जाळी मारून द्या. फुटाला किती?" माप घ्यायला मार्व्याच्या जेटीवरून फेरीने पलीकडे गेलो. वाडी चांगली दाट होती. दोन फणस, एक जुना रायवळ आंबा, चिकू, आणि कुंपणाला लागून माड. एप्रिलच्या भर दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे तेवढे पडलेले.

तिथे उभा राहिलो आणि घारीची गोष्ट मला पटेना. घारीचे पंख लांब. उघडं अंगण, उकिरडा, मासळी सुकवायची जागा, असल्या ठिकाणी ती झडप घालते आणि न थांबता वर निघून जाते. इतक्या झाडीत खाली उतरून पुन्हा वर जायला तिला वाट कुठे? घारीपासून त्या कोंबड्यांना झाडांनीच वाचवलं होतं. पिल्लं नेणारा दुसराच कोणीतरी होता.

तेवढ्यात मागच्या बाजूला कोंबडा ओरडला. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना माहीत असेल, त्याची हाक दोन तऱ्हेची असते. मुंगूस किंवा मांजर दिसलं की तो तुटक तुटक कलकलाट करत राहतो. वरून काही आलं की एकच लांब किंकाळी, आणि पिल्लं सापडेल त्या आडोशाला घुसतात. ही किंकाळी होती. आम्ही मागे धावलो.

आंबा आणि चिकूच्या मध्ये भाच्याने शेजाऱ्याकडचं जुनं तंगुसाचं, म्हणजे मासेमारीच्या पारदर्शक नायलॉन धाग्याचं, जाळं बांधून ठेवलं होतं. त्यात शिक्रा, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी, अडकला होता. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, गळ्याच्या मधोमध एक काळसर रेघ, डोळे लालभडक. नर असावा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण पंजा बोटात रुतला तर रक्त काढतो. पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब, म्हणून फांद्यांमधून तो वळणं घेत जातो. आभाळात घिरट्या घालून शिकार शोधणं ही त्याची मुख्य रीत नाही. पानाआड गप्प बसतो, आणि सरडा, साळुंकी, खार, पिल्लू, जे टप्प्यात येईल त्यावर जमिनीलगत झेपावतो. ज्या झाडीने घारीला अडवलं, तीच याची दबा धरायची जागा.

तंगुसाचा राग मला त्या दिवसाच्या आधीपासून आहे. पाण्यात माशाला दिसू नये म्हणूनच तो धागा तसा बनवलेला असतो. हवेत पाखराला तरी कसा दिसणार? पाखरू धडकतं, घाबरून पिळा घेतं, आणि जेवढं झटकेल तेवढा धागा आत जातो. भाचा ओढायला पुढे झाला, त्याला मी मागे सारलं. जाळ्यातून पाखरू ओढून काढायचं नसतं, पाखराभोवतीचं जाळं कापायचं असतं. मावशींकडून जुना पंचा घेतला आणि आधी डोळे झाकले. डोळे झाकले की धडपड थांबते. दोन्ही पाय एका हातात. मग बोथट टोकाची कात्री, जी मी कबुतरांसाठी नेहमी पिशवीत ठेवतो. बाहेरचा पसारा आधी कापून जाळ्याचा ताण सोडवला, मग मानेभोवतीचे फास, मग पंख. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा असतो, तिथे दोन धागे रुतले होते. तो पडदा फाटला तर उडणं संपलं. तिथे एकेक धागा नखाने उचलून कापला. पाय शेवटी. मग भोकं पाडलेल्या खोक्यात फडकं घालून त्याला ठेवला आणि वनखात्याच्या १९२६वर फोन केला. शिक्रा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. जखमी असला तरी घरी ठेवून मलमपट्टी करत बसायची नसते.

मावशी या सगळ्या वेळात डालग्यावर हात ठेवून उभ्या होत्या. आत उरलेली चार पिल्लं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मेला असता तर माझी पिल्लं वाचली असती ना?"

मी म्हटलं, "मावशी, हा गेला तर दुसरा येईल. झाडं आहेत, सरडे-साळुंक्या आहेत, तोवर जागा रिकामी राहायची नाही."

"तुझी पिल्लं नाहीत ना, म्हणून बोलतोस."

याला मी उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडे नाही. माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण रोज पहाटे खुराडं उघडून पिल्लं मोजणाऱ्या बाईपुढे ते अपुरं होतं.

काम मात्र मनापासून केलं. माडाखाली जाळी लावायची नाही, हे आधीच सांगून टाकलं. झावळी वरून आली की कुठलीच जाळी टिकत नाही. कोंबड्यांची जागा फणसाकडे सरकवली. जाळीचा दोर झाडाच्या खोडाला आवळायचा नाही. वाऱ्यात खोड डुलतं, जाळी फाटते आणि दोर सालीत रुततो. म्हणून खांब वेगळे पुरले आणि खोडाभोवती सायकलच्या ट्यूबचा सैल गळा शिवला. कबुतरांसाठी आम्ही साधारण ३० ते ५० मिलिमीटर घराची, म्हणजे तेवढ्या भोकाची, जाळी लावतो. इथे ५० घेतली, जाड काळा धागा, लांबून डोळ्याला दिसेल असा. याहून बारीक घेतली तर आंब्या-फणसाचा सगळा पाला वर साठतो, आणि पहिल्याच पावसात भिजलेल्या ओझ्याने जाळी पोटात येते. ५०मधूनही फणसाचं पान पडत नाहीच. म्हणून मधे आढ्यासारखा दोर उंच धरून दोन्हीकडे उतार दिला, पाला कडेला घसरावा. चारी बाजू जमिनीपर्यंत बंद केल्या. नुसतं छप्पर करणारे कारागीर शिक्र्याला दार उघडं ठेवतात, कारण तो बाजूनेच येतो. आत बोरीच्या फांद्यांचे दोन ढीग रचले, किंकाळी ऐकू आली की पिल्लांना घुसायला जागा हवी. दीड-दोन महिन्यांची झाली की शिक्रा त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. रात्री मात्र खुराडं बंदच. घुबडाला जाळी अडवेल, उदमांजर दात लावून आत शिरेल.

चकाकत्या सीड्या टांगू का, असं भाच्याने विचारलं होतं. टांग, पण आठवडाभराने पाखरं त्यांच्याकडे बघतही नाहीत.

वनखात्याची माणसं संध्याकाळी शिक्र्याला घेऊन गेली. पंख हलत होता. पुढचं मला कळलेलं नाही. वाडीत दुसरा शिक्रा 'टिटुई' करत फिरतो, असं मावशी फोनवर सांगतात. पिल्लं शाबूत आहेत.

बिलाचं काय, हे मला जास्त टोचतं. मावशींच्या सगळ्या कोंबड्या विकल्या तरी माझ्या जाळीचे पैसे निघणार नाहीत. पैसे भाच्याने दिले. शेजारच्या घरांना भाचा नाही, आणि टाकून दिलेलं तंगूस फुकट मिळतं. त्यांना कायदा सांगून काय होणार?

उत्तर तिथेच, किनाऱ्यावर पडलं होतं. डोल. बोंबील-जवळा पकडायचं ते जाळं तोंडाशी मोठ्या घराचं असतं आणि शेपटाकडे बारीक होत जातं. धागा जाड, रंगीत, लांबून दिसणारा. फाटलेल्या डोली कोळीवाड्यात टाकलेल्या असतात. त्यातला मधला, दोन इंची घराचा तुकडा कापून घेतला तर छपराला उत्तम. ताण नीट दिला की पाखरू त्यात अडकत नाही, धडकून परत फिरतं. शेजारच्या एका घरी असा तुकडा लावून दिला. दोन मोसम गेल्यावर उन्हात तो किती टिकतो ते बघायचं आहे.

आता खाडीकडच्या आणखी दोन घरांनी बोलावलं आहे. जाळं त्यांचं, खांब वाडीतल्या बांबूंचे, मी फक्त मजुरी घेणार. बांधलेलं तंगूस आधी उतरवायचं, एवढी एकच अट मी घातली आहे.