तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्या जांभळट मादीची पिल्लं कधी काढणार?’

दर मार्चमध्ये, तळघरातले साप हिवाळी झोपेतून उठले की हा प्रश्न येतोच. फोटोतली ती जांभळट मादी, तिची जोडी कधी लावणार? पाठोपाठ दुसरा प्रश्न: इतकी वर्षं कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतले बिनविषारी साप, वाढवताय, मग नुसते ओकीटीच काय धरून बसलात, नवीन रंग का काढत नाही? पुण्याचा मावसभाऊ विचारतो, इथले पिट्सबर्गचे छंदातले मित्र विचारतात, आणि ज्यांना मी एकदाही भेटले नाही अशी मुलंही विचारतात. आजवर मी ‘बघू’ म्हणत आले. ते ‘बघू’ खरं नव्हतं.

भारतातून लिहिणाऱ्या मुलांना आधी एक सांगते. माझे साप अमेरिकेतले, कित्येक पिढ्या माणसाच्या घरातच जन्मलेले. आपल्याकडची धामण, तस्कर किंवा नाग घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी माझं उदाहरण कुणाला देऊ नका.

ओकीटी म्हणजे कॉर्न स्नेकचं जुनं वाण. साउथ कॅरोलायनातल्या जास्पर काउंटीतल्या एका शिकारी क्लबच्या जमिनीवरून हे नाव पडलं. नारिंगी अंग, त्यावर लाल ठसे आणि प्रत्येक ठशाभोवती इरकलीच्या काठासारखी जाड काळी किनार. यात नवं जनुक कुठलंच नाही. चांगल्यातलं चांगलं निवडत पिढ्या काढायच्या, एवढंच. अंड्यातून निघालेलं पिल्लू मळकट तपकिरी दिसतं, खरा रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून मी दर वर्षी तीन-चार पिल्लं मागे ठेवते आणि थांबते. वहीत लिहिते: पहिली कात टाकल्यावर पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू) कुणी बिनतक्रार खाल्ली, हातात घेतल्यावर कोण शांत राहिलं, कुणाच्या कण्यात बाक आहे, अंडी घातल्यावर आईचं वजन किती आठवड्यांत भरून आलं. रंगाचा रकाना सगळ्यात शेवटी.

आमचं गाव आटपाडीकडचं. आबा खिल्लार वळू बघायला जायचे तेव्हा वळूकडे नंतर बघायचे, आधी त्याची आई कुठल्या दावणीला आहे ते विचारायचे. खाण तशी माती, म्हणायचे. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

2014 मध्ये मी एका ब्रीडरकडून नर-मादीची एक जोडी घेतली, एकाच आईबापाची भावंडं. दिसायला दोघंही साधेच, पण दोघांच्याही अंगात सनकिस्ड आणि लॅव्हेंडर हे दोन्ही रंग दडलेले. जोडी लागली तर सोळात एखादं पिल्लू दोन्ही रंग घेऊन निघणार. आमच्या ओळखीत तसा साप कुणाकडेच नव्हता. एका जुन्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सनकिस्डच्या वंशात स्टारगेझरचा दोष निघतो, यांची पारख झालीय का ते विचार.’ स्टारगेझर म्हणजे आईबापांकडून येणारा दोष: पिल्लाला तोल सांभाळता येत नाही, मान वर पिळत जाते; आईबापांच्या अंगात मात्र तो न दिसता दडलेला असू शकतो. तेव्हा पारखायचा एकच मार्ग होता: दोष बाळगणाऱ्या सापाशी जोडी लावायची आणि पिल्लं बघायची. मी विचारलं नाही. कारण मागे आणखी दोघं त्याच जोडीसाठी उभे होते. हे कारण मी आज पहिल्यांदा लिहितेय.

मादी अजून लहान होती, म्हणून त्या वर्षी नर माझ्या एका ओकीटी मादीला लावला. अकरा पिल्लं झाली, अकराही ठणठणीत, सगळी विकली गेली. पुढच्या वर्षी जोडी लावली. पंधरा अंडी, ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात), 28 अंशांवर. साठाव्या दिवशी पहिलं अंडं चिरलं. पिल्लं एकदम बाहेर येत नाहीत, नाक बाहेर काढून एक-दोन दिवस तशीच बसतात. त्या दोन दिवसांत मी ऑफिसला गेलेच नाही. तेरा निघाली. त्यातली एक राखट जांभळी, अंगावर गोल ठसे. मला हवी होती तीच. मी आईला पहाटे फोन करून उठवलं.

चौथ्या दिवशी डब्यांचं पाणी बदलताना एक पिल्लू उताणं पडलेलं दिसलं. मी त्याला सरळ केलं. त्याने डोकं वर उचललं, आणखी वर, मान पिळत नेली आणि पुन्हा उलटं पडलं. दुसऱ्या डब्यात तसंच. तिसऱ्यात तसंच. तेरात तीन, म्हणजे दोन्ही आईबाप दोष बाळगणारे असले की निघतात तेवढीच. रोग नव्हे, संसर्ग नव्हे, रक्तातच आलेलं. मेंदूला अंगाचा तोल सांभाळता येत नाही. तरी मी तीन आठवडे थांबले. डबे अंधारात ठेवले, कारण हालचाल दिसली की त्यांची मान जास्त पिळायची. पिंकी चिमट्यात धरून समोर नेली की भुकेने तोंड उघडून झेप घ्यायची, पण झेप डाव्या बाजूच्या हवेत जायची, आणि त्या झेपेच्या जोरानेच पिल्लू कोलमडायचं. भूक शाबूत होती, हे मला सगळ्यात जड गेलं. एकाने एकदा खाल्लं. मी त्याच्या तोंडापाशी हात स्थिर धरून पाऊण तास बसले होते. डॉक्टरांनी तिघांना बघितलं आणि विचारलं, ‘हे थांबणं कुणासाठी आहे?’ त्याच दुपारी तिघांना कायमचं शांत केलं. तिन्ही मिळून वजन वीस ग्रॅम.

आणि मग ती अकरा. बाप दोष बाळगणारा, म्हणजे त्यातल्या निम्म्यांच्या अंगात तो असण्याची शक्यता. ती स्वतः निरोगी जगतील, पण त्यांची पिल्लं काढली तर दोष पुढे जाईल. मी यादी काढून फोन केले. सात जण भेटले. एका मुलाच्या आईने पहिलं हेच विचारलं, ‘मरणार का तो?’ नाही म्हटल्यावर ती रडायला लागली. एकजण म्हणाला, मला काय फरक पडतो, सुंदर आहे की. दोघांनी आपापला साप आधीच दुसऱ्याला दिला होता. उरलेले चार कुठे आहेत मला आजही माहीत नाही. ज्या ब्रीडरकडून जोडी घेतली त्याचं उत्तर होतं, ‘माझ्याकडे असं कधी झालं नाही.’ मी त्याच्यावर खूप चिडले होते. पण त्याला जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं.

म्हणून ओकीटी. पण एवढ्यावर हात झटकून मोकळी होते असं समजू नका, कारण माझ्या म्हणण्यात भोकं आहेत. नवा रंग म्हणजे आजार, असं मुळीच नाही. तांबड्या-पिवळ्या अ‍ॅमेलॅनिस्टिक (म्हणजे काळा रंगच नसलेल्या) कॉर्न स्नेकचा पूर्वज 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात रानात सापडला होता. तेव्हा तोही नवलच होता, आणि आज घरोघरी त्याचे वंशज धडधाकट आहेत. उलट माझे ओकीटी मी किनारीसाठीच निवडत आले, आणि त्या नादात नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या. 2019 मध्ये एका वेणात सहा अंडी फोल गेली आणि दोन पिल्लांचे कणे वाकडे निघाले. तेव्हा बाहेरचा नर आणला. किनार बारीक झाली, पिल्लं खायला लागली. मित्र म्हणाले, वाण बिघडवलंस. मला तो बदल पटतो, पण रात्री जुने फोटो बघते तेव्हा ती जाड काळी किनार आठवते आणि वाईट वाटतं. तेव्हा दिसण्याचा मोह माझ्यातून गेलाय, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

पैशाचंही सांगते, कारण तो प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही. नव्या रंगाच्या एका पिल्लात माझ्या अख्ख्या वेणाची किंमत येते. उंदीर, वीज, डॉक्टर धरले तर ओकीटी मला घरचे पैसे घालायला लावतात. नवरा एकदाच म्हणाला, ‘अगं, निदान खर्च तरी निघू दे.’ त्याचं चुकलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. ती जांभळट मादी निरोगी आहे. तिच्या अंगात दोष दडलेला असण्याची शक्यता तीनात दोन. आता तर कातेच्या तुकड्यावरून जनुकीय चाचणी होते, कुणाला पणाला लावावं लागत नाही. ‘मग पाठव ना,’ तुम्ही म्हणता. बरोबर म्हणता. दोष निघाला तर प्रश्न संपला. पण निर्दोष निघाली तर? मग माझ्याकडे ‘नाही’ म्हणायला काहीच कारण उरत नाही, आणि सोळातल्या एका पिल्लासाठी हपापलेली ती मी पुन्हा अंड्यांपुढे बसेन, ऑफिसला न जाता. त्या बाईला मी ओळखते. शिवाय मादीची अंडी घालायची वर्षं सरत आली आहेत, तेव्हा मी नुसता उशीर करत राहिले तरी निर्णय झाल्यासारखाच आहे, आणि तसा तो होऊ देणं मला बरं वाटत नाही.

परवापासून तिचे डोळे दुधी झालेत. आठवडाभरात कात पडेल. मागच्या चार काता घडी करून कागदी पाकिटांत ठेवल्यात, प्रत्येकावर तारीख आहे. चाचणीचा पत्ता वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे.