आठवे हाड

परळच्या ज्या शाळेत मी पाचवीच्या वर्गाला शिकवते, तिथल्या मुलांना एक्स-रेचे फारसे नवल नसते. केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे बहुतेकांच्या घरी कपाटावर किंवा गादीखाली पाकिटात जपून ठेवलेली एखादी काळी फिल्म असते, आणि सूर्यग्रहण आले की तीच फिल्म डोळ्यांपुढे धरून आकाशाकडे पाहण्याचा उद्योग चालतो. (तसे करणे डोळ्यांना घातक आहे, हे मला दर ग्रहणाला नव्याने सांगावे लागते.) तरीही त्या फिल्ममध्ये नेमके काय दिसते, हे आजवर माझ्या वर्गात कोणी विचारले नव्हते आणि मीही आपणहून सांगितले नव्हते.

गेल्या जुलैत एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक संच भेट दिला. त्यात एक्स-रेसारख्या दिसणाऱ्या 18 पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. कवटी, छाती, कंबर, हात, पाय असे भाग जागच्या जागी लावले की दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीचा सापळा तयार होत असे, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘मानवी शरीरातील 206 हाडे’. तोपर्यंत माझ्याकडे भिंतीवरचा एक तक्ता आणि खालचा जबडा हरवलेली प्लास्टरची एक कवटी एवढीच सामग्री होती, त्यामुळे मला झालेला आनंद मुलांपेक्षा कमी नव्हता.

पट्ट्या खिडकीच्या काचांवर चिकटवून मागून येणाऱ्या उजेडात पाहायच्या, अशी कल्पना होती. परंतु जुलैतल्या मुंबईत सकाळी दहा वाजताही वर्गात दिवे लावावे लागतात आणि हवेतल्या ओलीमुळे सेलोटेप काचेवर दहा मिनिटेही टिकत नाही. शेवटी खाऊचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे उपडे घातले, त्यांवर बटर पेपर ताणून बसवला आणि आत शिक्षकांचे मोबाइल टॉर्च लावून ठेवले. प्रत्येक गटाला एक डबा दिला. अंधारलेल्या वर्गात ते सहा पांढुरके चौकोन पेटले तेव्हा क्षणभर सगळा वर्ग गप्प झाला. माझ्या वर्गाच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

जुळवाजुळवीत ज्या चुका झाल्या त्यांतूनच बरेच शिकवून झाले. एका गटाने पाऊल मनगटाला जोडले आणि ते इतके बेमालूम बसले की टाचेचे हाड दाखवून देईपर्यंत कोणाला काही खटकले नाही. मग हातात 27 आणि पायात 26 हाडे असतात हे मुलांनी मोजून काढले, आणि दोन हात व दोन पाय मिळून 106 होतात, म्हणजे 206 पैकी निम्म्याहून अधिक हाडे मनगटांच्या आणि घोट्यांच्या पुढे आहेत, हे गणित फळ्यावर एका मुलीने करून दाखवले. राँटगेनने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचे चित्र घेतले, त्यात बोटातली अंगठीही उमटली, हे मी थोडक्यात सांगितले आणि पुढे गेले.

त्यानंतर तिसऱ्या बाकावरच्या मुलाने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फिल्म काढली. मे महिन्यात चाळीच्या गॅलरीत क्रिकेट खेळताना तो डाव्या हातावर पडला होता आणि तीन आठवडे त्याच्या हाताला प्लास्टर होते. संच येणार हे कळल्यापासून तो ती फिल्म आणण्यासाठी आईच्या मागे लागला होता. त्याने ती डब्यावर ठेवली, शेजारी खेळण्यातली मनगटाची पट्टी ठेवली आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. पट्टीवर मनगटात आठ हाडे होती. स्वतःच्या फिल्मवर त्याने तीनदा मोजली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “बाई, माझं एक हाड कमी आहे.”

मी तिथेच चुकले. पुरते न पाहताच म्हणाले, “नीट मोज, एकामागे एक लपलं असेल.” त्याने पुन्हा मोजली, सातच भरली. एव्हाना बाकीचा वर्ग डब्याभोवती जमला होता आणि कोणाच्या तरी लक्षात आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे त्याच्या प्रत्येक बोटाच्या हाडाला टोकाजवळ एक काळी फट होती, तर पट्टीवरची हाडे सलग होती. निदान लगेच ठरले. “याचा हात सगळीकडे तुटलाय!” कोपऱ्यातल्या एका मुलीने मात्र, जिला मी आजवर अबोल समजत होते, वेगळेच विचारले. तळहातातल्या चार बोटांच्या हाडांना फट बोटांच्या बाजूला आहे, मग अंगठ्याच्या हाडाला ती मनगटाच्या बाजूला का? एवढी वर्षे एक्स-रेची चित्रे पाहूनही मला हे कधी दिसले नव्हते. इकडे त्या मुलाचा चेहरा उतरला होता आणि उजव्या हाताने तो डावे मनगट चाचपत होता. मला यातले काही माहीत नाही, पण विचारून नक्की सांगेन, असे मी वर्गाला स्पष्ट सांगितले.

विचारायला लांब जावे लागले नाही. वर्गातल्या एका मुलीचे वडील जवळच्या रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहेत आणि रात्रपाळी असली की दुपारी साडेबाराला ते स्वतः तिला न्यायला येतात. त्या दिवशी ते ओली छत्री हातात घेऊन दारात उभे होते. मी त्यांना आत बोलावले. त्यांनी फिल्म हातात घेतली आणि पहिल्यांदा कोपऱ्यातल्या नावाच्या पट्टीवर अंगठा ठेवला. ही सवय नोकरीतली असावी, पण मला ती फार आवडली.

“बाई, हाड कमी नाही,” ते म्हणाले, “ते अजून फोटोत यायच्या लायकीचं झालेलं नाही.” मग त्यांनी मुलांना कानाचा वरचा भाग दुमडून पाहायला सांगितले. तो मऊ आहे, वाकतो आणि सोडल्यावर पुन्हा उभा राहतो. त्याला कूर्चा म्हणतात. बाळ जन्मते तेव्हा मनगटातली आठही हाडे अशीच कूर्चेची असतात आणि नवजात बाळाच्या मनगटाचा फोटो काढला तर तिथे नुसती काळी पोकळी दिसते. पुढे एकेका हाडात कॅल्शियम भरत जाते, क्ष-किरण तिथे अडतात आणि फिल्मवर ती जागा पांढरी राहते. पहिली दोन हाडे बाळ काही महिन्यांचे असतानाच दिसू लागतात. सर्वांत शेवटचे, वाटाण्याएवढे, नऊ ते बारा वर्षांच्या सुमाराला उमटते. त्या काळ्या फटीही मोडलेल्या जागा नव्हत्या. तिथे कूर्चेचा थर असतो, हाड तिथूनच लांबीला वाढते आणि वाढ पुरी झाली की फट बुजते. अंगठ्याचे हाड या बाबतीत उलटे आहे, असे त्यांनी त्या अबोल मुलीला सांगितले आणि “हे बरोबर पाहिलंस,” असे म्हणून मान डोलावली. डाव्या हाताचा असा फोटो काढून डॉक्टर मुलाच्या हाडाचे वय ठरवतात, हेही त्यांच्याकडूनच कळले.

“मग माझं मोडलंय कुठे?” मुलाने विचारले. त्यांनी फटींपासून बोटभर वर, कोपराच्या दिशेने नख टेकवले. अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाच्या कडेला एक बारीक फुगवटा होता, कापडाला चुणी पडावी तसा. लहान मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे असते, कडकन मोडण्याऐवजी पुष्कळदा वाकते किंवा असे दबते. वर्गातल्या एकाही मुलाने, आणि मीही, त्या जागेकडे पाहिले नव्हते. वरच्या कोपऱ्यातले ‘एल’ हे अक्षर कोणी शाईने लिहिलेले नाही, फोटो काढताना तिथे शिशाचे अक्षर ठेवतात, असे त्यांनी जाता जाता सांगितले.

मग त्यांनी आमच्या खेळण्यातली पट्टी उजेडापुढे धरली, खालीवर केली आणि हसले. “हा तर मोठ्या माणसाचा हात आहे. लहान करून छापलाय.” तिच्यात एकही फट नव्हती, आठवे हाड पूर्ण होते आणि कोपऱ्यात अक्षर नसल्यामुळे ती उजवी की डावी हेही सांगता येत नव्हते. मुलाच्या उंचीचा सापळा म्हणून आम्ही जो जुळवत होतो तो प्रत्यक्षात आकसवलेला प्रौढ होता. 206 हा आकडाही मोठ्यांचाच. जन्मतः सुमारे 270 सुटे भाग असतात आणि ते जोडले जात जात विशीत आकडा तिथे येतो. हे मी कधीतरी वाचले होते, पण दर वर्षी दहा वर्षांच्या मुलांना ‘आपल्या शरीरात 206 हाडे असतात’ असेच सांगत आले होते आणि त्यातला ‘आपल्या’ हा शब्द मला कधी टोचला नव्हता.

शाळा सुटून गेली होती, तरी पाच-सहा मुले रेंगाळली. तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला ते वाटाण्याएवढे हाड बोटाने चाचपता येते. मी हात पुढे केला आणि प्रत्येकाने दाबून पाहिले. त्या मुलाने सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ दाबले. मग स्वतःच्या मनगटावर तीच जागा शोधली. “इथं पण काहीतरी आहे, बाई,” तो म्हणाला. असणारच, फक्त फोटोत येत नव्हते. फिल्म पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने दप्तरात ठेवली, कारण पुढच्या तपासणीला ती लागणार होती.

संच अजून आम्ही वापरतो. मनगटाच्या पट्टीवर त्या अबोल मुलीच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘हा मोठ्या माणसाचा हात आहे. आपला असा नाही.’ ओल्या हवेत तीही सारखी सुटते आणि कोणीतरी ती पुन्हा लावते.